चांगल्या घोड्यावरच जास्त ओझं का?

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी सहज लिहून गेले, की नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता मेलबर्न शहर हातातलं काम टाकून एका घोड्यांच्या शर्यतीकडे डोळे लावून बसतं. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर पूर्णपणे त्या शर्यतीला, म्हणजे मेलबर्न कपलाच दिलं आहे. मी 1989 पासून मेलबर्नमध्ये राहते. नोकरी संपल्यापासून आठवड्यातले दोन दिवस मेलबर्न म्युझियममध्ये स्वयंसेविका म्हणून जाते आणि बहुतेक वेळ फार लॅप नावाच्या घोड्याचं कातडं बसवून ठेवलेल्या काचेच्या पेटीपाशी उभी असते. तिथे लोक जे विचारतात, तेच बऱ्याच पत्रांतही आहे.

दोघांनी 'यंदा कोणत्या घोड्यावर पैसे लावू' असं विचारलं आहे. मी पैसे लावत नाही आणि कुणाला सांगणारही नाही. आता बाकीचे प्रश्न.

प्रश्न: ताई, तुम्ही लिहिलंत की या शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन ठेवतात. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. हुशार मुलाच्या दप्तरात दगड घालण्यासारखंच हे नाही का? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर: बाई, दप्तराची उपमा मला इतकी पटली, की तिथूनच सुरुवात करते.

घोड्यांच्या शर्यतीत वजन ठरवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत घोड्याचं वय आणि नर की मादी एवढंच बघतात. एका वयाच्या सगळ्या नरांना सारखं आणि सगळ्या माद्यांना सारखं वजन मिळतं, मग जो खरोखर सरस तो जिंकतो. दुसरी पद्धत हँडिकॅपची. तिच्यात घोड्याची आजवरची कामगिरी बघून एक अधिकारी प्रत्येकाला वेगळं वजन ठरवून देतो. या अधिकाऱ्याला हँडिकॅपर म्हणतात. जो जास्त जिंकला त्याला जास्त, जो मागे पडत आला त्याला कमी. हँडिकॅपरचं स्वप्न असं, की सगळे घोडे एकाच क्षणी शेवटच्या रेषेवर पोचावेत. ते कधी पूर्ण होत नाही, पण ते पूर्ण करायचा प्रयत्न म्हणजे ही शर्यत.

वजन म्हणजे जॉकी आणि त्याचं खोगीर मिळून. ते ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरलं, तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या सरकवतात. तुमचे दगड ते हेच. आणि त्यातही फरक असतो. जॉकीचं अंग घोड्याच्या टापेबरोबर वरखाली होतं, त्याला सांभाळून घेतं. शिसं निव्वळ लोंबतं. जुन्या जाणकारांचा एक ठोकताळा आहे, की दोन मैलांच्या शर्यतीत एक पौंड, म्हणजे जेमतेम अर्धा किलो वजन वाढलं, तर घोडा आपल्या एका लांबीइतका मागे पडतो. अंतर जितकं लांब, तितकं हे शिसं जड होत जातं.

पहिला मेलबर्न कप 7 नोव्हेंबर 1861 ला फ्लेमिंग्टनच्या मैदानावर झाला. तेव्हा व्हिक्टोरिया, म्हणजे मेलबर्नचा प्रांत, ही सोन्याच्या खाणींमुळे भरभराटीला आलेली वसाहत होती. त्याच आठवड्यात बर्क आणि विल्स हे शोधप्रवासी वाळवंटात मरण पावल्याची बातमी शहरात आली होती. त्यामुळे लोक हळहळत होते, गर्दी चारएक हजारांचीच जमली. सतरा घोडे धावले. एक चौखूर उधळून मैदानाबाहेर गेला, तीन पडले, त्यातले दोन मेले. जिंकला सिडनीकडचा आर्चर. एतिएन द मेस्त्र यांनी तयार केलेला हा घोडा सुमारे 60 किलो वजन घेऊन सहा लांबींनी पुढे आला आणि स्थानिक लोकांचा लाडका मॉर्मन दुसरा राहिला.

दुसऱ्या वर्षी आर्चरवर सुमारे 64 किलो चढवले. तो पुन्हा जिंकला. मग 1863 साठी त्याला 11 स्टोन 4 पौंड ठरले, म्हणजे जवळपास 72 किलो! तरीही द मेस्त्र यांनी होकाराची तार पाठवली. पण तो 1 जुलैचा दिवस होता. व्हिक्टोरिया न्यू साउथ वेल्सपासून, म्हणजे सिडनीच्या प्रांतापासून, वेगळं झालं त्याची मेलबर्नमध्ये सुट्टी होती, म्हणून तार संध्याकाळी साडेसातला पोचली. मुदत उलटून गेली होती. कमिटीने नियमावर बोट ठेवलं आणि आर्चरला बाद केलं. संतापून न्यू साउथ वेल्सच्या मालकांनी आपले सगळे घोडे काढून घेतले. उरले सात. त्यातला जो बँकर जिंकला, त्याच्या पाठीवर होते साडेतेहतीस किलो. आर्चरवर ठेवायचं ठरलेलं वजन आणि हे, दोन्ही शेजारी लिहून बघा. 38 किलोंचा फरक.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. मलाही सुरुवातीला हे अन्यायाचंच वाटायचं. पण हँडिकॅप नसता, तर दोन मैलांच्या शर्यतीत चार नावाजलेले घोडे धावले असते आणि बाकीच्यांनी तबेल्याचं दार बंदच ठेवलं असतं. वजनाच्या हिशेबामुळे दूरच्या गावातला, एकुलता एक घोडा पाळणारा माणूसही इथवर येतो. आणि ज्याला सगळ्यात जास्त वजन मिळतं, त्याचा तो मान असतो. इथे पेपरात वजनांची यादी लागली की लोक सगळ्यात वरचं नाव आधी वाचतात. मात्र या ओझ्याला मर्यादा हवी, आणि ती कायम पाळली गेली असं नाही. त्याबद्दल पुढे येतेच.

प्रश्न: आर्चर म्हणे शर्यतीसाठी आठशे किलोमीटर चालत मेलबर्नला आला होता. खरं का?

उत्तर: नाही. गोष्ट गोड आहे, इथल्या मुलांनाही सांगतात. पण आर्चर आला सिडनीहून आगबोटीने, द मेस्त्र यांच्या आणखी दोन घोड्यांसोबत. तेव्हा आंतरप्रांतीय घोडे समुद्रमार्गेच यायचे आणि तो प्रवास सोपा नव्हता. 1876 साली 'सिटी ऑफ मेलबर्न' नावाची आगबोट वादळात सापडली आणि कपासाठी निघालेले घोडे आपापल्या खोक्यांतच बुडून मेले. अकरांतले नऊ. मला विचाराल तर चालत येण्याच्या गोष्टीपेक्षा ही खरी हकीकत जास्त लक्षात ठेवावी अशी आहे.

प्रश्न: मी बालरोग विभागात परिचारिका आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलानेही हा कप जिंकलाय असं वाचलं. इतक्या लहान मुलांना घोड्यावर बसवत कसे होते? आणि बायका कधी आल्या?

उत्तर: मुलं का, याचं उत्तर वरच्याच आकड्यांत आहे. घोड्याला साडेतेहतीस किंवा चाळीस किलो वजन ठरवून दिलं, तर ते भरणार कोण? मोठा माणूस कितीही उपाशी राहिला, तरी खोगिरासकट चाळीस किलोंत बसत नाही. म्हणून मुलं. हँडिकॅपची ही बाजू सहसा कुणी सांगत नाही. वरच्या टोकाला घोड्याची पाठ वाकायची आणि खालच्या टोकाला कुणाचं तरी पोर खोगिरात बसायचं.

1876 ची ब्रायसिस ही तीन वर्षांची घोडी. तिच्यावर ठरलेलं वजन 40 किलो. जीलाँगजवळच्या सेंट अल्बन्स या घोड्यांच्या फार्मवर तिला तयार केलं होतं आणि तिच्यावर बसलेला मुलगा तिथेच वाढलेला. रेसच्या जगात त्याचं नाव पडलं पीटर सेंट अल्बन्स. त्याला तेरा वर्षं पुरी व्हायला अजून काही दिवस बाकी होते. तेहतीस घोड्यांच्या घोळक्यातून त्याने ब्रायसिसला पुढे काढलं. कप जिंकणारी ती पहिली घोडी. सहा दिवसांत तिने डर्बी, कप आणि ओक्स अशा तीन मोठ्या शर्यती जिंकल्या. तुम्ही रोज त्या वयाची मुलं बघता, तेव्हा त्या मुलाचे हात डोळ्यांसमोर आणा. लगाम ओढायला मनगटात कितीसा जोर असणार?

1948 मध्येही रिमफायरवर बसलेला रे नेव्हिल पंधरा वर्षांचा शिकाऊ जॉकी होता. त्या वर्षी पहिल्यांदाच फोटो बघून निकाल दिला आणि डार्क मार्नला दुसरा ठरवला. आता कपातलं सगळ्यात कमी वजन 50 किलो असतं, त्यामुळे लहान मुलांचा प्रश्न मिटला.

बायकांचं म्हणाल, तर त्यांनी फार वाट बघितली. 1938 मध्ये जिंकलेल्या कॅटलॉग या घोड्याला खरं तयार केलं होतं न्यूझीलंडच्या मिसेस मॅकडोनाल्ड यांनी. पण व्हिक्टोरियात बाईला ट्रेनरचा परवानाच मिळत नव्हता, म्हणून नोंद नवऱ्याच्या नावावर झाली. आपल्या नावाने कप जिंकणारी पहिली ट्रेनर शीला लॅक्सन, 2001 मध्ये, इथिरियल या घोडीबरोबर. म्हणजे त्रेसष्ट वर्षांनी. जॉकी म्हणून कपात पहिली उतरली ती 1987 मध्ये मरी लिंडन. आणि 2015 मध्ये मिशेल पेन हिने प्रिन्स ऑफ पेन्झान्सवर बसून कप जिंकला. त्या घोड्याचा भाव एकास शंभर होता. तिचा भाऊ स्टीव्ही, ज्याला डाउन सिंड्रोम आहे, तोच त्या घोड्याची देखभाल करायचा. कोण कुठल्या फाटकातून सुटणार याची सोडत असते, तिथेही घोड्याच्या बाजूने तोच गेला आणि त्याने एक नंबर काढला. शर्यत संपल्यावर बहीण-भाऊ भेटले, तो क्षण मी टीव्हीवर बघितला. माझ्या शेजारी बसलेली माझी मुलगी आणि मी, दोघी रडलो.

प्रश्न: अंतर नेमकं किती? कुठे दोन मैल लिहितात, कुठे 3200 मीटर. हे एकच का?

उत्तर: नाही. 1971 पर्यंत दोन मैल होते. 1972 मध्ये ऑस्ट्रेलियाने मीटर स्वीकारले आणि शर्यत 3200 मीटरची झाली, म्हणजे 18.688 मीटरने आखूड. म्हणून जुन्या-नव्या वेळांची तुलना करताना जपून. आर्चरला 1861 मध्ये 3 मिनिटं 52 सेकंद लागले. दोन मैलांतली सर्वांत वेगवान वेळ 1968 च्या रेन लव्हरची, 3 मिनिटं 19.1 सेकंद. 3200 मीटरमध्ये विक्रम किंग्स्टन रूलचा, 1990 मधला, 3 मिनिटं 16.3 सेकंद.

ते 1990 माझं इथलं दुसरं वर्ष. ऑफिसात टोपीतून चिठ्ठ्या काढायची पद्धत असते. प्रत्येकाने थोडे पैसे घालायचे, एकेक घोडा नशिबाला येतो. मला वाटलं वाढदिवसाची वर्गणी आहे, म्हणून मी पैसे दिले आणि चिठ्ठी न उघडताच खिशात ठेवली. तीन वाजता सगळे टीव्हीभोवती गोळा झाले, साडेतीन मिनिटांत खेळ संपला, आणि मग कुणीतरी मला म्हणालं, 'अगं तुझी चिठ्ठी तरी बघ.' तिच्यावर तिसऱ्याच कुठल्यातरी घोड्याचं नाव होतं. पण शेजारच्या बाईंनी किंग्स्टन रूलची चिठ्ठी फ्रेम करून टेबलावर ठेवली होती, ती त्या निवृत्त होईपर्यंत तिथेच होती. त्याचे ट्रेनर बार्ट कमिंग्स. त्यांनी 1965 पासून 2008 पर्यंत एकूण बारा कप जिंकले.

टीव्हीवर बघताना एक ध्यानात ठेवा. फ्लेमिंग्टनचा एक फेरा 2312 मीटरचा आहे. त्यामुळे घोडे सुटतात ते प्रेक्षकांसमोरच्या सरळ पट्ट्याच्या पार दूरच्या टोकाहून, आणि शेवटच्या खांबापुढून दोनदा जातात. पहिल्यांदा जातात तेव्हा आरडाओरडा होतो खरा, पण तेव्हा अजून अख्खा फेरा शिल्लक असतो. तिथे पुढे असलेला घोडा बघून नवखे लोक उड्या मारतात.

प्रश्न: मी अकरावीत आहे. फार लॅपला विष देऊन मारलं का? आणि तो इतका भारी होता तर 1931 मध्ये आठवा कसा आला?

उत्तर: तू दोन प्रश्न विचारलेस, मी दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्याआधी कार्बाइनबद्दल ऐक. 1890 मध्ये या घोड्यावर 10 स्टोन 5 पौंड, म्हणजे जवळपास 66 किलो होते. मैदानात एकोणचाळीस घोडे, आजवरचे सर्वांत जास्त. दुसऱ्या आलेल्या हायबॉर्नच्या पाठीवर होते पावणेबेचाळीस किलो. म्हणजे 24 किलोंचा फरक, आणि तरी कार्बाइन जिंकला, तोही तेव्हाच्या विक्रमी वेळेत. एवढं वजन घेऊन कप जिंकणारा दुसरा घोडा आजपर्यंत झाला नाही. या दांडग्या घोड्याला कानांवर पाऊस पडलेला मुळीच खपायचा नाही, म्हणून त्याचे ट्रेनर हिकेनबॉथम त्याच्या डोक्यावर छत्री धरायचे!

आता फार लॅप. न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं, 160 गिनींना घेतलेलं, बघून मालकाची निराशा व्हावी असं हाडकुळं शिंगरू. मालक डेव्हिस त्याच्यावर खर्च करायला तयार होईनात, तेव्हा ट्रेनर हॅरी टेलफर्डने त्याला तीन वर्षांसाठी भाड्याने घेतलं. 1929 च्या कपात तो तिसरा आला. 1930 मध्ये तो असा धावत होता, की कपाच्या आधीच्या शनिवारी सकाळी एका मोटारीतून त्याच्यावर गोळी झाडली गेली. त्याला सांभाळणारा टॉमी वुडकॉक मध्ये आडवा आला, गोळी लागली नाही. त्याच दुपारी फार लॅप एक शर्यत जिंकला. मग त्याला लपवलं ते कुठे? त्याच सेंट अल्बन्स फार्मवर, जिथून ब्रायसिस आली होती. मंगळवारी मैदानावर आणताना त्याची गाडी सुरू होईना, शर्यत चुकते की काय अशी वेळ आली. पोचला, साडेबासष्ट किलो घेऊन धावला आणि तीन लांबींनी जिंकला. गुरुवारी पुन्हा जिंकला, पुढच्या शनिवारी पुन्हा. आठ दिवसांत चार शर्यती.

पुढच्या वर्षी हँडिकॅपरने त्याला 10 स्टोन 10 पौंड दिले. 68 किलो. कार्बाइनहून सव्वादोन किलो जास्त. जिंकलेल्या व्हाइट नोजवर होते साडेत्रेचाळीस. तू गणित करू शकतोस: साडेचोवीस किलो जास्त घेऊन दोन मैल. फार लॅप आठवा आला. जॉकी जिम पाइकने तो दमलाय हे ओळखून शेवटी त्याला रेटलं नाही, आणि मला त्या माणसाबद्दल त्यासाठी आदर आहे. आधी मी मर्यादेबद्दल म्हटलं ते हे. कार्बाइनला दिलेलं वजन हा मान होता. 1931 चं वजन माझ्या मते शिक्षा होती.

विषाबद्दल. मार्च 1932 मध्ये त्याने मेक्सिकोतल्या आग्वा कालिएंतेला मोठी शर्यत जिंकली आणि 5 एप्रिलला कॅलिफोर्नियात तडफडून मेला. 2008 मध्ये त्याच्या आयाळीच्या केसांची तपासणी झाली. मरणाआधीच्या एक-दोन दिवसांत त्याच्या पोटात बरंच आर्सेनिक गेलं होतं, असं तीत दिसलं. पण त्या काळी घोड्यांना द्यायच्या टॉनिकमध्येही आर्सेनिक असायचं. म्हणजे पोटात काय गेलं ते केसांनी सांगितलं, कुणी आणि कशासाठी दिलं ते केस सांगत नाहीत. म्युझियममध्येही मी एवढंच सांगते.

त्याचं हृदय कॅनबेराच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, 6.2 किलो वजनाचं. सांगाडा न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला. आणि कातडं आमच्याकडे, न्यूयॉर्कच्या कारागिरांनी असं बसवलेलं की मानेवरच्या आणि पोटावरच्या शिरा दिसतात. तांबडा रंग, खांद्याशी पावणेदोन मीटर उंची. 2010 मध्ये, दीडशेव्या कपाच्या निमित्ताने, सांगाडा वेलिंग्टनहून आणून कातड्याशेजारी ठेवला होता. तेव्हा मी अजून नोकरीत होते, जेवणाच्या सुट्टीत तीनदा जाऊन आले. काचेपाशी एक म्हातारे गृहस्थ हॅट हातात घेऊन उभे होते. सगळी पोरं त्याची उंची बघतात. तू कधी आलास तर त्याची पाठ बघ, खोगीर बसतं ती जागा. मला अडुसष्ट किलो तिथे दिसतात.

प्रश्न: घोडे मरतात आणि तुम्ही कौतुकाने लिहिता. लाज वाटत नाही?

उत्तर: तुमचा राग रास्त आहे, म्हणून पत्र जसंच्या तसं छापायला सांगितलं.

पहिल्याच कपात दोन घोडे मेले, ते वर लिहिलं आहे. अलीकडचं सांगते. 2014 मध्ये जपानचा अॅडमायर राक्ती सर्वांत जास्त वजन घेऊन, 58.5 किलो, फेव्हरिट म्हणून उतरला. शेवटचा आला आणि आपल्या ठाणाशी परतल्यावर कोसळून गेला. त्याच दिवशी अराल्डो हा घोडा परत जाताना कुणाच्या तरी हातातल्या झेंड्याला बुजला, पाय मोडला, त्यालाही मारावं लागलं. 2015 मध्ये रेड कडो. तीनदा कपात दुसरा आलेला, सगळ्यांचा जीव की प्राण. धावताना पायाला दुखापत झाली आणि काही आठवड्यांनी गेला. 2020 मध्ये प्रेक्षकांविना झालेल्या शर्यतीत अँथनी व्हॅन डाइक, पुन्हा सर्वांत जास्त वजनाचा घोडा, पुन्हा 58.5 किलो.

त्यानंतर, 2021 पासून, परदेशातून येणाऱ्या घोड्यांच्या पायांचं स्कॅन सक्तीचं झालं, पशुवैद्यांच्या तपासण्या कडक झाल्या. हे पाऊल पूर्वीच उचलायला हवं होतं. 2020 नंतर दोन वर्षं मी शर्यत बघितली नाही. मग पुन्हा बघायला लागले. मंगळवारी बाहेर घोषणा देत उभे राहणारे लोकही मी बघते, आणि ते तिथे आहेत म्हणून या तपासण्या झाल्या असं मला वाटतं. म्हणून तुम्ही लिहीत राहा. मीही या घोड्यांबद्दल लिहीत राहणार, मेलेल्यांची नावं न वगळता.

प्रश्न: तुम्ही स्वतः मैदानावर जाऊन कधी कप बघितलात का? सर्वांत आवडता कोणता?

उत्तर: एकदाच गेले. 2005 ला, मकायबी डिव्हासाठी.

ही घोडी जन्मली इंग्लंडमध्ये, मालक ट्यूना मासेमारीच्या धंद्यातले टोनी सांटिक. तिचं नाव त्यांच्या ऑफिसातल्या पाच बायकांच्या नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून केलेलं. 2003 मध्ये ती 51 किलो घेऊन जिंकली. 2004 मध्ये 55.5 घेऊन. 2005 मध्ये हँडिकॅपरने 58 दिले, आणि घोडीने एवढं वजन घेऊन कप कधीच जिंकला नव्हता. आर्चर, रेन लव्हर, थिंक बिग यांनी लागोपाठ दोन कप जिंकले होते. तीन कुणीच नाही.

मी सकाळी नऊला जाऊन कठड्यापाशी जागा धरली. शेवटच्या खांबापासून बरीच अलीकडे, त्यामुळे शेवट मला दिसणारच नव्हता. पहिल्यांदा घोडे समोरून गेले तेव्हा आधी पायांखालची जमीन थरथरली, मग आवाज आला. चोवीस घोड्यांच्या टापांचा आवाज एकसलग असतो, वेगळा टाप ऐकू येतच नाही. मातीची ढेकळं कठड्यावर येऊन आपटली. घोडीच्या नाकपुड्या आतून लालभडक दिसल्या, एवढंच मला तिचं दर्शन. ती घोळक्यात मध्ये होती आणि जॉकी ग्लेन बॉस अगदी स्वस्थ बसला होता, हात न हलवता.

दुसऱ्यांदा आले तेव्हा ती बाहेरच्या बाजूने पुढे निघालेली होती. त्यानंतर मला फक्त लोकांच्या पाठी दिसल्या. लाखभर माणसांच्या आवाजावरून कळलं की ती जिंकली. मी एका अनोळखी आजीबाईंना मिठी मारली, त्यांनी माझी हॅट सावरली.

पण मला बघायचं होतं ते नंतरचं. धक्के खात मी घोडे परत येतात त्या आवाराच्या कुंपणापर्यंत पोचले. बॉस उतरला, त्याने स्वतःच पट्टे सोडले, खोगीर काढून हातावर घेतलं. जॉकीचं खोगीर अगदी छोटं असतं, आपल्या घरच्या पाटाएवढंही नाही. खालचं कापड घामाने घोडीच्या पाठीला चिकटलं होतं, ते त्याने सावकाश सोडवलं, कारण वजनकाट्यावर ते सगळं त्याच्यासकट पुन्हा 58 भरावं लागतं, नाहीतर शर्यत हातची जाते. तो आत गेला. तिच्या पाठीवर खोगिराच्या आकाराचा एक काळा ओला डाग राहिला होता आणि त्यातून वाफ निघत होती. सांभाळणाऱ्याने वरून बादलीभर पाणी ओतलं, तिने अंग झाडलं, आणि तेवढ्यात आतून वजन बरोबर असल्याची खूण झाली.